अर्धी निवृत्ती, दोघांचा एक रिटर्न: आयआरए आणि ४०१ केमधे पैसे टाकल्यावर टॅक्सचं नक्की काय होतं

नवऱ्याने २०२३ च्या शेवटी फुल टाइम नोकरी सोडली आणि मी एका कॉलेजच्या ऑफिसात आठवड्याचे २४ तास काम चालू ठेवलं. आम्हाला वाटलं आता पगारच एवढासा, टॅक्स म्हणजे अर्ध्या तासाचं काम. झालं उलटं. इतकी वर्षं नोकरीत ४०१ केचा (नोकरीतला निवृत्तीसाठीचा बचत प्लॅन) ठराविक टक्का सांगून दिला की वर्षभर त्याकडे बघावं लागायचं नाही, पण अर्धवट निवृत्तीत प्रत्येक डॉलर कुठे टाकला यावर इन्शुरन्सचा हप्ता हलतो, सोशल सिक्युरिटीवरचा (सरकारी पेन्शनवरचा) टॅक्स हलतो, आणि कधीकधी टाकलेल्या पैशाचा काडीचाही फायदा होत नाही, कारण टॅक्स आधीच शून्य असतो! पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली (खाली सांगते) आणि ती निस्तरताना जे समजलं ते इथे क्रमाने लिहितेय.

अमेरिकेत राहणाऱ्या, जॉइंट रिटर्न भरणाऱ्या, दोघांपैकी निदान एकजण थोडंफार कमावतोय अशा जोडप्यांसाठी हे आहे. आकडे २०२६ सालचे आणि फेडरल टॅक्सचे. मी सीए-सीपीए कोणी नाही, जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःचा रिटर्न भरणारी बाई आहे. खूप गुंतागुंत असेल तर एकदा माणसाला पैसे देऊन विचारा, पण हे वाचून जा म्हणजे निदान योग्य प्रश्न विचाराल.

१. आधी वर्ष एका कागदावर मांडा

सॉफ्टवेअर नको, एक्सेल नको, साधा कागद घ्या. दोन रकाने करा, एक नवऱ्याचा, एक बायकोचा. खाली ओळीने लिहा: पगार, १०९९ फॉर्मवर मिळणारं कन्सल्टिंगचं वगैरे (नोकरी नाही, स्वतःच्या कामाचे पैसे), पेन्शन, सोशल सिक्युरिटी, आयआरएमधून (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं बचत खातं) काढलेले पैसे, बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफा, भाडं. भारतातल्या एफडीचं व्याज आणि तिकडच्या फ्लॅटचं भाडंसुद्धा, ते इथल्या रिटर्नवर येतंच, तेव्हा ते "विसरू" नका.

मग पगार आणि १०९९ या दोन ओळींवर लाल पेनाने गोल करा. पुढचा अर्धा खेळ त्या लाल गोलावर चालतो.

२. लाल गोलातले पैसे हीच तुमची आयआरएची मर्यादा

आयआरएमधे पैसे टाकायला कष्टाची कमाई लागते, म्हणजे पगार किंवा स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा. पेन्शन चालत नाही, सोशल सिक्युरिटी चालत नाही, व्याज, डिव्हिडंड, भाडं, काहीच चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने वर्षभर फक्त भाड्याच्या उत्पन्नावर दोघांच्या आयआरएत पैसे भरले होते, त्यांना वाटलं उत्पन्न आहे ना मग झालं. सगळे परत काढावे लागले.

२०२६ साठी एका माणसाला ७,५०० डॉलर, आणि वर्ष संपताना वय ५० किंवा जास्त असेल तर आणखी १,१००, म्हणजे एकूण ८,६००. दोघं मिळून १७,२००. पण लाल गोल त्यापेक्षा लहान असेल तर तो गोल हीच मर्यादा. वयाची वरची अट पूर्वी होती, साडेसत्तरनंतर ट्रॅडिशनल आयआरएत (टाकताना वजावट, काढताना टॅक्स) टाकता यायचं नाही, ती २०२० पासून गेली. सत्तरीत पार्ट टाइम करत असाल तरी टाकता येतं.

१०९९ वाल्यांनी एक वजाबाकी लक्षात ठेवायची. समजा खर्च जाऊन नफा २०,००० झाला. त्यावर सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स साधारण २,८२६ बसतो, त्यातला निम्मा म्हणजे १,४१३ नफ्यातून वजा होतो, तर आयआरएसाठी तुमची कमाई १८,५८७ धरायची, २०,००० नाही. स्वतःच्या धंद्याच्या रिटायरमेंट प्लॅनमधे काही टाकलं असेल तर तेही वजा.

३. न कमावणाऱ्या जोडीदाराच्या नावानेही टाकता येतं

हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. एकाचीच कमाई असेल तरी दुसऱ्याच्या नावाच्या आयआरएत पैसे टाकता येतात, याला स्पाउजल आयआरए म्हणतात. वेगळं काही खातं नसतं, त्याच्या किंवा तिच्या नावाचा साधा आयआरए. अटी दोनच, रिटर्न जॉइंट हवा आणि दोघांचं मिळून कमाईच्या वर जायचं नाही. खातं मात्र ज्याच्या नावावर त्याचंच, जॉइंट आयआरए असा प्रकार नसतो.

जमत असेल तर पैसे दोघांच्या खात्यात वाटून टाका, एकाच्याच खात्यात नको. त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

४. बॉक्स १ चा सापळा (इथे आम्ही पडलो)

२०२४ मधे माझा पगार होता २४,०००. घरखर्च नवऱ्याच्या बचतीतून चालत होता म्हणून मी हौसेने १८,००० डॉलर कॉलेजच्या ४०३ बी प्लॅनमधे टाकले (४०१ केचाच भाऊ). कल्पना चांगलीच होती, पगार जवळजवळ सगळा टॅक्सच्या आधी बाजूला आणि खर्च जुन्या बचतीतून, कमी उत्पन्न दाखवायचा याहून सोपा मार्ग नाही. मग वर्ष संपायच्या आत मी दोघांच्या आयआरएत प्रत्येकी ८,००० टाकले, तेव्हा मर्यादा तेवढी होती. डोक्यात हिशोब असा की पगार २४,०००, आयआरएत १६,०००, म्हणजे आत आहोत.

फेब्रुवारीत डब्ल्यू-२ (नोकरीतून येणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) आला. बॉक्स १ मधे ६,०००. मी दोनदा चष्मा पुसून बघितलं. आयआरएसाठी जी कमाई धरतात ती बॉक्स १ ची, म्हणजे ४०३ बी किंवा ४०१ केमधे टॅक्सआधी गेलेले पैसे वजा झाल्यावरची. म्हणजे आमची दोघांची मिळून मर्यादा ६,००० आणि आम्ही टाकलेले १६,०००. दहा हजार जास्त.

जास्तीच्या रकमेवर ६ टक्के दंड असतो आणि तो एकदाच नाही, पैसे खात्यात राहतील तितकी वर्षं दरवर्षी. आमचे वर्षाला ६०० गेले असते. वाचलो ते लवकर कळलं म्हणून. रिटर्नच्या मुदतीच्या आत (एक्स्टेन्शन धरून) जास्तीची रक्कम आणि त्यावर तोवर झालेली कमाई बाहेर काढली तर दंड लागत नाही. कमाईवर मात्र टॅक्स, आणि तो ज्या वर्षी पैसे टाकले त्या वर्षात. साधे पैसे काढल्यासारखे काढू नका हां, खातं जिथे आहे त्यांच्याकडे जास्तीचं कॉन्ट्रिब्युशन परत घेण्याचा वेगळा फॉर्म असतो, तोच मागा. मला फोनवरच्या पहिल्या माणसाने साधा विथड्रॉवलचा फॉर्म पाठवला होता, तो भरला असता तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तर धडा काय, ४०१ के आणि आयआरए दोन्ही भरायचे असतील तर शेवटचा पे-स्लिप समोर ठेवून आधी बॉक्स १ किती येणार ते काढा. आणि गोंधळ वाढवायला हेही सांगते की नोकरीच्या प्लॅनमधे टाकलेलं रॉथ (टॅक्स भरून टाकायचे, पुढे काढताना टॅक्स नाही) असेल तर ते बॉक्स १ मधून वजा होत नाही.

(४०१ केची स्वतःची मर्यादा २०२६ ला २४,५००, पन्नाशीच्या वर आणखी ८,०००, आणि वय ६० ते ६३ असेल तर त्या ८,००० च्या जागी ११,२५०, प्लॅनने सोय दिली असेल तर. अर्धवेळ पगारात या मर्यादेला हात लागायची वेळ फारशी येत नाही.)

५. वजावट मिळणार का ते बघा

पैसे टाकता येणं आणि त्याची वजावट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. डब्ल्यू-२ च्या बॉक्स १३ मधे "रिटायरमेंट प्लॅन" च्या चौकोनात खूण आहे का बघा. असेल आणि दोघांचं उत्पन्न १,२९,००० च्या खाली असेल तर पूर्ण वजावट, १,४९,००० च्या वर शून्य, मधे थोडी थोडी. ज्या जोडीदाराला नोकरीचा प्लॅन नाही पण दुसऱ्याला आहे, त्याच्यासाठी ही पट्टी २,४२,००० ते २,५२,०००. दोघांनाही नाही, मग काही मर्यादाच नाही. अर्धनिवृत्त लोक बहुतेक खालीच असतात, पण ज्या वर्षी नोकरी सोडता त्या वर्षी सुट्ट्यांचे पैसे, बोनस, स्टॉक असं सगळं एकदम येतं आणि त्या वर्षी फसायला होतं. वजावट नसतानाही ट्रॅडिशनलमधे टाकले असतील तर फॉर्म ८६०६ भरा नाहीतर पुढे काढताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा टॅक्स भराल.

पीपीएफ किंवा एनपीएसमधे टाकलेल्या पैशाची वजावट इथल्या रिटर्नवर मिळत नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

६. तुमची रेष कोणती ते शोधा

मला समजलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पूर्ण नोकरीत असताना आपण विचारायचो "मी कुठल्या ब्रॅकेटमधे". अर्धनिवृत्तीत ब्रॅकेट बहुतेक १० किंवा १२ टक्क्यांचं, त्यात काही मोठं वाचत नाही. वाचतं ते रेषांच्या आसपास. टाकलेल्या पैशाने तुम्ही कुठल्या रेषेच्या खाली उतरता ते बघायचं, आणि रेष वयाप्रमाणे बदलते.

*पासष्टीच्या आत, आरोग्याचा इन्शुरन्स सरकारी मार्केटप्लेसमधून घेतलेला असेल तर*

तुमची रेष ८४,६००. दोन माणसांच्या घरासाठी २०२६ च्या कव्हरेजला गरिबीरेषेच्या ४०० टक्के म्हणजे एवढे (अलास्का आणि हवाईत जास्त). २०२१ ते २०२५ हप्त्यावर वाढीव सबसिडी होती म्हणून या रेषेची धार बोथट झाली होती, ती २०२५ च्या अखेरीस संपली आणि आता परत कडा आहे. एक डॉलर वर गेलात तर सबसिडी थोडी कमी होत नाही, पूर्ण जाते. आणि वर्षभर आगाऊ घेतलेली सबसिडी परत करायला पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना वरची मर्यादा असायची, तीही २०२६ पासून काढून टाकली, जेवढी जास्त घेतली तेवढी सगळी परत.

समजा तुमचा कागद असा आहे: बायकोचा पगार २०,०००, नवऱ्याचं १०९९ चं निव्वळ ३०,०००, पेन्शन १८,०००, डिव्हिडंड आणि शेअरचा नफा २२,०००. एकूण ९०,०००. सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सचा निम्मा भाग २,११९ वजा, उरले ८७,८८१. रेषेच्या ३,२८१ वर. आता ट्रॅडिशनल आयआरएत ४,००० टाकले की ८३,८८१, आत आलात. रेषेच्या लगेच आत बेंचमार्क प्लॅनसाठी (सबसिडी ज्याच्यावरून ठरवतात तो) तुमचा वाटा उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३५०. साठी ओलांडलेल्या दोघांचा पूर्ण प्रीमियम याच्या दुपटीच्याही पुढे सहज जाऊ शकतो. चार हजार टाकून किती वाचले याचा हिशोब तुमचा तुम्ही तुमच्या प्रीमियमवरून करा.

मी ३,२८१ न म्हणता ४,००० का म्हटलं? कारण ब्रोकरेजवाले मार्चमधे सुधारित १०९९ पाठवतात (डिव्हिडंडचाही १०९९ च येतो) आणि त्यात कुठूनतरी साठ-सत्तर डॉलरचा डिव्हिडंड नव्याने उगवतो. काठावर उभं राहू नका.

इथे जे उत्पन्न धरतात त्याला मॉडिफाइड एजीआय म्हणतात (एजीआय म्हणजे आयआरएसारख्या काही वजावटी गेल्यावरचं, पण स्टँडर्ड डिडक्शनच्या आधीचं एकूण उत्पन्न), इंग्रजी आद्याक्षरं घेऊन आमच्या घरात त्याला मॅगी म्हणतात आणि जानेवारीत "मॅगी किती झाली" हा प्रश्न रोज होतो. या मॅगीत सोशल सिक्युरिटी पूर्ण धरतात, टॅक्स न लागणारा भागसुद्धा. बासष्टीला सोशल सिक्युरिटी चालू केलेल्यांनो, हे बघा. रॉथमधे टाकल्याने मॅगी कमी होत नाही. एचएसएमधे (औषधपाण्याच्या खर्चासाठीचं बचत खातं) टाकल्याने होते, आणि २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला चालतात, म्हणजे फॅमिली कव्हरेजला ८,७५० आणि ५५ च्या वर आणखी १,००० ची एक जागा मिळाली. त्याला कमाईसुद्धा लागत नाही, म्हणून लाल गोल रिकामा असणाऱ्यांना ही जास्त कामाची.

उलटा सापळाही आहे. उत्साहात इतकं टाकू नका की उत्पन्न गरिबीरेषेच्या १३८ टक्क्यांखाली, दोघांसाठी २९,००० च्या आसपास, जाईल. बऱ्याच राज्यांत मग मार्केटप्लेसची सबसिडी नाही, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स). डॉक्टर बदलायची तयारी आहे का ते आधी ठरवा.

*सोशल सिक्युरिटी चालू झाली असेल तर*

इथल्या रेषा ३२,००० आणि ४४,०००. या आकड्यांशी तुलना करायची ती अशी: निम्मी सोशल सिक्युरिटी अधिक बाकीचं सगळं उत्पन्न अधिक टॅक्स-फ्री व्याज. ३२,००० च्या वर निम्म्यापर्यंत आणि ४४,००० च्या वर ८५ टक्क्यांपर्यंत सोशल सिक्युरिटी टॅक्सेबल होऊ लागते. पहिली रेष १९८४ पासूनची, दुसरी १९९४ पासूनची, महागाईप्रमाणे एकदाही वाढवल्या नाहीत, म्हणून आता जवळजवळ सगळेच अडकतात.

उदाहरण घ्या. दोघंही ६५ च्या वर, सोशल सिक्युरिटी मिळून ३६,०००, बाकीचं ५०,००० आणि त्यात थोडा पगार. १८,००० अधिक ५०,००० म्हणजे ६८,०००, आणि टॅक्सेबल सोशल सिक्युरिटी येते २६,४००. एकूण ७६,४००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ३२,२००, पासष्टीच्या वरचे म्हणून दोघांचे १,६५० प्रमाणे ३,३००, आणि २०२५ ते २०२८ साठी आलेलं सीनियर डिडक्शन माणशी ६,००० प्रमाणे १२,०००, मिळून ४७,५०० वजा. उरले २८,९००, टॅक्स २,९७२.

आता ट्रॅडिशनल आयआरएत ६,००० टाका. बाकीचं उत्पन्न ४४,००० झालं, टॅक्सेबल सोशल सिक्युरिटी २१,३०० वर उतरली, उरले १७,८००, टॅक्स १,७८०. म्हणजे ६,००० टाकले आणि टॅक्सचे १,१९२ वाचले, जवळपास २० टक्के, जरी तुमचं ब्रॅकेट १० आणि १२ चं असलं तरी. कारण ६,००० ने स्वतःबरोबर ५,१०० ची सोशल सिक्युरिटीही टॅक्समधून बाहेर ओढली.

पण हे ऐकून लगेच धावू नका. त्याच जोडप्याचं बाकीचं उत्पन्न ५०,००० ऐवजी ३४,००० असेल तर? टॅक्सेबल सोशल सिक्युरिटी १२,८००, एकूण ४६,८००, आणि वजावटच ४७,५००. टॅक्स शून्य. आता आयआरएत कितीही टाका, शून्यातून काय कमी होणार! अशा वर्षी ट्रॅडिशनलमधे पैसे टाकणं म्हणजे आज काहीही न वाचवता पुढे काढताना टॅक्स भरायची सोय करून ठेवणं. रॉथमधे टाका.

आणि वरच्या टोकालाही तसंच, बाकीचं उत्पन्न साधारण ५५,००० च्या पुढे गेलं की या जोडप्याची ८५ टक्के सोशल सिक्युरिटी टॅक्समधे आलेलीच असते, तिथे ही दुहेरी मजा संपते.

*सेव्हर्स क्रेडिट*

जॉइंट एजीआय ८०,५०० पर्यंत असेल तर टाकलेल्या पैशावर, माणशी २,००० पर्यंत, निदान १० टक्के क्रेडिट (थेट टॅक्समधून सूट) मिळतं. ४८,५०० पर्यंत असेल तर ५० टक्के. ट्रॅडिशनल, रॉथ, ४०१ के, सगळं चालतं. आता वाटून टाकायचं कारण: वरचे ६,००० एकाच खात्यात टाकले तर क्रेडिट २,००० वर, म्हणजे २०० डॉलर. तीन-तीन हजार दोघांच्या खात्यात टाकले तर ४००. फक्त कागदावरची विभागणी बदलली.

पण गोम अशी की आधीची दोन वर्षं, चालू वर्ष आणि रिटर्नच्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही रिटायरमेंट खात्यातून पैसे काढले असतील तर ते या रकमेतून वजा होतात. एका हाताने आयआरएतून काढायचे, दुसऱ्या हाताने टाकायचे, असं करणाऱ्यांना हे क्रेडिट बहुतेक मिळत नाही. शिवाय परतावा म्हणून मिळत नाही, टॅक्स असेल तेवढ्यापुरतंच.

*मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी इन्शुरन्स)*

दोघांचं उत्पन्न २,१८,००० च्या वर असेल तर पार्ट बी (डॉक्टर) आणि डीचा (औषधं) हप्ता वाढतो, आणि २०२६ साठी बघतात ते २०२४ चं उत्पन्न. बहुतेकांना लागू नाही, घर किंवा खूप शेअर विकणाऱ्यांनी बघा. एचएसए असेल तर मेडिकेअर चालू झाल्यावर त्यात टाकणं बंद, आणि पासष्टीनंतर उशिरा मेडिकेअर घेतलं तर ते सहा महिन्यांपर्यंत मागून लागू होतं, तेवढे महिने आधी हात आखडा.

७. ट्रॅडिशनल की रॉथ

वरचं सगळं केलं असेल तर उत्तर आपोआप समोर येतं. ट्रॅडिशनलने एखादी रेष ओलांडून खाली येताय तर तेवढेच ट्रॅडिशनलमधे, उरलेले रॉथमधे. दोन्ही एकाच वर्षात चालतं, एकूण मर्यादा मात्र एकच. आमच्याकडे नवरा दरवर्षी "सगळे ट्रॅडिशनल टाकू, आज वाचतंय ना" म्हणतो, त्याला मी दाखवते की वयाच्या ७३ नंतर (१९६० किंवा नंतरचा जन्म असेल तर ७५) दरवर्षी सक्तीने पैसे काढावे लागतात आणि तेव्हा दोघांची सोशल सिक्युरिटीही चालू असणार. शिवाय दोघांपैकी एक गेला की उरलेल्याचं ब्रॅकेट एकट्याचं, म्हणजे जवळजवळ निम्मं. हे बोलायला नको वाटतं पण हिशोबात धरायला हवं.

८. काय कमी होत नाही

४०१ के असो की आयआरए, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा जो टॅक्स पगारातून कापतात तो कमी होत नाही. १०९९ वाल्यांचा १५.३ टक्क्यांचा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सही नाही. आणि ज्यांनी पूर्ण निवृत्तीवयाच्या आधी सोशल सिक्युरिटी चालू केली आणि कामही करताहेत त्यांच्यासाठी: २०२६ ला २४,४८० च्या वरच्या कमाईवर दर दोन डॉलरला एक डॉलर थांबवतात, तिथे पूर्ण पगार धरतात, ४०१ केमधे टाकलेला भागही. "मी सगळा पगार ४०१ केत टाकतो म्हणजे माझी कमाई शून्य" हे तिथे चालत नाही.

९. १०९९ वर कमावत असाल तर

आयआरएची ८,६०० ची जागा पुरत नसेल तर सेप आयआरए किंवा सोलो ४०१ के, दोन्ही स्वतःचं काम करणाऱ्यांचे प्लॅन. सेपमधे साधारण निव्वळ कमाईच्या २० टक्के जातात, उघडायला सोपा, आणि एक्स्टेन्शन घेतलं तर तोपर्यंत टाकता येतं. सोलो ४०१ केमधे कमी कमाईत जास्त मावतं कारण कर्मचारी म्हणूनही टाकता येतं आणि मालक म्हणूनही. जोडीदार खरोखर त्या कामात असेल तर तोही. दुसऱ्या नोकरीतही ४०१ के असेल तर कर्मचारी म्हणून टाकायची मर्यादा दोन्हीकडे मिळून एकच, हे विसरू नका. सोलो ४०१ केची शिल्लक अडीच लाखांच्या वर गेली की वर्षाला एक फॉर्म ५५००-ईझेड.

१०. कागद जवळ ठेवा

- दोघांचे डब्ल्यू-२ (बॉक्स १, १२, १३ बघायचे) आणि डिसेंबरचा शेवटचा पे-स्लिप
- सगळे १०९९, भारतातल्या बँकांची व्याजाची पत्रकं
- सोशल सिक्युरिटीचा एसएसए-१०९९
- मार्केटप्लेसचा १०९५-ए, त्यावरून फॉर्म ८९६२
- मागच्या दोन वर्षांचे १०९९-आर (रिटायरमेंट खात्यातून काढलेल्या पैशाचे), सेव्हर्स क्रेडिटच्या फॉर्म ८८८० साठी
- जुने फॉर्म ८६०६, असतील तर सगळे, फेकू नका
- गेल्या वर्षीचा रिटर्न

राज्याचा टॅक्स वेगळा बघा. न्यू जर्सीत ४०१ केची वजावट मिळते पण आयआरएची नाही, पेनसिल्व्हेनियात ४०१ केचीसुद्धा नाही. न्यू जर्सीवाल्यांनी आयआरएत किती टाकलं याची स्वतःची वही ठेवा, पुढे काढताना राज्याला दाखवावं लागतं की यावर टॅक्स भरलेला आहे.

११. तारखा आणि शेवटचा क्लिक

४०१ के, ४०३ बी पगारातूनच जातं म्हणून ते ३१ डिसेंबरच्या आत, नोव्हेंबरमधेच पेरोलला सांगा. आयआरए आणि एचएसए मात्र पुढच्या १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे २०२६ साठी १५ एप्रिल २०२७. एक्स्टेन्शन घेतल्याने ही तारीख पुढे जात नाही. म्हणूनच मी आता डिसेंबरमधे आयआरएला हात लावत नाही. सगळे १०९९ येऊ देते, मार्चच्या शेवटी सॉफ्टवेअरमधे आयआरएचा आकडा शून्य, दोन हजार, चार हजार असा बदलून बघते आणि कुठे उडी पडते ते बघून मगच पैसे टाकते. १०९९ वाल्यांचे नवव्या पायरीतले प्लॅन सोडले तर वर्ष संपल्यावरही हलवता येतील असे हे दोनच खटके.

जानेवारी ते १५ एप्रिलमधे पैसे टाकताना ऑनलाइन "कोणत्या वर्षासाठी" असं विचारतात आणि बऱ्याच ठिकाणी चालू वर्ष आधीच निवडलेलं असतं. तिथे मागचं वर्ष निवडा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण त्यांच्याकडून फॉर्म ५४९८ येतो मेच्या शेवटी, रिटर्न जाऊन महिना उलटल्यावर.